अष्टग्रहीचा सोमवार

अकोला,
१८ मार्च १९६२

शेषराव,

पत्राच्या डोक्यावर काय घालावं हे ठरवण्यात दोन कागद फाडले. 'स. न. वि. वि.' आपल्यात कधी नव्हतं. 'जय भीम' लिहिलं, पण माझ्या हातचं ते तुला कसं वाटेल कळेना. म्हणून नुसतं नाव.

अमरावतीच्या आपल्या कॉलेजातल्या सरांकडून कळलं की तू दवाखान्यातून वसतिगृहावर परत आलास, आणि डावा डोळा डॉक्टरांना शेवटी काढावाच लागला. तुझे वडील पातूरच्या वाटेवर बैलगाडीतच गेले, हे मला त्याच संध्याकाळी समजलं होतं. त्याच गाडीत तूही बेशुद्ध पडलेला होतास.

पोलिसांना जे सांगितलं तेच तुला सांगतो. सोमवारी, पाच फेब्रुवारीला, दुपारी अडीचच्या सुमारास अष्टग्रहीच्या शांतीसाठी देवळापुढं घातलेल्या यज्ञमंडपानं पेट घेतला तेव्हा मी आत होतो. तो मंडप तू पाहिला होतास. वर कापसाच्या पऱ्हाट्यांचं छप्पर, त्यावर तरटं, आणि आमच्याच मळ्यातल्या झेंडूच्या माळा तीन दिवसांत वाळून कडक झालेल्या. होमात तूप पडत होतं, वारा सुटला होता, ठिणगी वर गेली. किसनदादाची बायको, आमची दुर्गावहिनी, कोपरापर्यंत दोन्ही हात आणि मान भाजून बाहेर आली. तिच्या बांगड्या कातडीला चिकटल्या होत्या. मी तिला ओल्या पोत्यात गुंडाळून घरी नेलं आणि हातांना कोरफड लावत बसलो. त्यामुळे तुमच्या वस्तीत पुढं जे झालं तिथं मी नव्हतो. दादानं काय केलं ते मी पाहिलेलं नाही.

एक मात्र म्हणायचं आहे. रविवारी तू शाळेच्या ओट्यावर आपली दुर्बिणीची नळी लावलीस आणि पांढऱ्या कागदावर सूर्य उतरवून दाखवलास, तेव्हा निम्मं गाव यज्ञ सोडून तिकडं आलं. तू सांगितलंस ते सगळं खरं होतं. ग्रह मकरेत जमलेत, पण सूर्याच्या इतके जवळ की त्याच्या उजेडात दिसायचेही नाहीत. आणि आठवा जो केतू, तो ग्रहच नाही. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथं कापते तो नुसता बिंदू. तिथवर लोक ऐकत होते. मग पोरांनी हट्ट धरला आणि तू नळीचं भिंग काढून कागदाचा कपटा जाळून दाखवलास. ते करायला नको होतं. लोकांच्या डोक्यात तो कपटाच राहिला. दुसऱ्या दिवशी मंडप पेटला तेव्हा कोणीतरी ओरडलं, 'डोम्याच्या पोट्ट्यानं काचेनं सूर्य खाली आनला.' तुझ्या वडिलांचं नाव गावाच्या तोंडी असंच.

माझ्याविषयी मनात काही धरू नकोस. उत्तर पाठव.

चंद्रभान


अकोला,
१ जुलै १९६२

शेषराव,

पत्र परत आलं. पाकिटावर लाल शाईत 'घेण्यास नकार'. खाली तुझी सही नाही, पण नकार देताना तुझा चेहरा कसा असेल ते मला दिसलं.

शाळा सुरू झाली. दहावीला भूगोलाबरोबर थोडं आकाश शिकवायचं असतं. काल फळ्यावर ग्रहणाची आकृती काढली आणि एका मुलीनं विचारलं, 'सर, सावली एवढी टोकदार काहून?' सत्तावन्न साली कॉलेजच्या पहिल्याच तासाला हाच प्रश्न तू सरांना विचारला होतास, आणि वर्ग हसला होता. मीही हसलो होतो. सर हसले नाहीत. त्यांनी तुला फळ्यापाशी बोलावलं, हातात खडू दिला आणि म्हणाले, 'सूर्य मोठा काढ, पृथ्वी लहान काढ, कडेला कड जोड. तुझं तुलाच दिसेल.' तुला दिसलं. त्या दिवसापासून कॉलेजच्या तीन इंची दुर्बिणीच्या पेटीची किल्ली तुझ्याजवळ राहू लागली.

त्याच ऑक्टोबरात पहाटे आपण वसतिगृहाच्या गच्चीवर रशियाच्या उपग्रहाची वाट पाहत चार दिवस गारठलो. पाचव्या दिवशी तो गेला, आवाज न करता, सप्तर्षींच्या खालून. तू मनगटावरचे नाडीचे ठोके मोजून वेळ धरलीस, कारण घड्याळ दोघांकडंही नव्हतं. खाली उतरल्यावर आपण एका ताटात पोहे खाल्ले. अमरावतीत मी तुझ्या ताटात चार वर्षं जेवलो. गावात तुझ्या घराच्या उंबऱ्याच्या आत मी एकदाही आलो नाही, आणि तूही मला कधी बोलावलं नाहीस. ते का, हे आपण एकदाही बोललो नाही.

अकोल्याच्या चष्मेवाल्याकडून आणलेलं भिंग आणि पत्र्याची नळी जोडून तू गुरू दाखवलास तेव्हा तुझे वडील मला म्हणाले होते, 'चंद्रभानभाऊ, हा बाप अन् हे चार पोट्टे त्याच्या भवताल. एक बी घर सोडून गेला नाही पाह्य.' त्या दिवशी मी त्यांना 'काका' म्हणालो. कोणी ऐकत नव्हतं म्हणून.

आता लिहितो. मी वहिनीजवळ नव्हतो. तिला घरी नेलं आईनं आणि शेजारच्या मनकर्णाबाईनं. मी दादाबरोबर तुमच्या वस्तीत आलो.

पंचवीस-तीस माणसं होती. तुमच्या लोकांनी दारं लावून घेतली होती, बरेचजण कापूस वेचायला दूर गेलेले, तुझी आई पार्बताबाईही त्यातच. तू आत होतास. दादा दार फोडायला निघाला तेव्हा पाटील म्हणाला, 'फोडू नका. चंद्रभान हाक मारन तं येईन तो.' आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

हाक मी मारली. 'शेषराव, मी हाओ. बाहीर ये. काचेनं एवढ्या दुरून आग लागत नाही हे पाटलाले समजावून सांग. मी बी सांगतो संगं.' हे तुला माहीत आहे. तू नळी हातात घेऊन बाहेर आलास. तुला वाटलं दाखवलं की पटेल. मलाही तसंच वाटलं होतं असं मी स्वतःला पाच महिने सांगतो आहे.

पहिला फटका दादानं तुझ्या हातावर मारला, नळी पडली. दुसरा कोणाचा होता मला माहीत नाही, उभारीचा होता, बैलगाडीच्या कडेला लावतात त्या लाकडाचा, आणि तो डोळ्यावर बसला. तू ओरडला नाहीस. तू हातानं चेहरा चाचपलास, जसं काही अंधारात भिंत शोधतो आहेस, आणि बसलास. मग त्यांनी तुला लाथांनी तुडवलं. भिंग फुटलं ते तुझ्या पाठीखाली. डॉक्टरांनी काढलेले तुकडे त्याचे.

चंद्रभान


अकोला,
११ नोव्हेंबर १९६२

शेषराव,

तेही परत आलं. मी ही पत्रं फाडत नाही, एका पेटीत ठेवतो आणि नवीन लिहितो.

दिवाळीच्या आधी बाप वकील घेऊन माझ्या खोलीवर आला. खटला फेब्रुवारीत उभा राहणार. आरोपी तिघं, त्यांत दादा पहिला. वकिलाचं म्हणणं साधं आहे. तुला डोळ्यावर मार बसल्यावर काही दिसलं नाही. तुझे वडील कसे मेले हे पाहणारा तुमच्या बाजूचा कोणी नाही. दाराच्या फटीतून ज्यांनी पाहिलं त्यांना फक्त गर्दीच्या पाठी दिसल्या. म्हातारा घाबरून पळताना ओट्याच्या दगडावर आपटला असं मी सांगायचं. गावाबाहेर नोकरी करणारा, शिकलेला, आरोपीचा भाऊ असूनही सभ्य, अशा माणसाचं कोर्ट ऐकतं.

वकील उतरून गेल्यावर बाप खाटेवर बसला. म्हणाला, 'तुले चार वर्स अमरावतीले ठेवलं. कोनाच्या जिवावर? किसन शाळा सोडून मोट हाकत होता.'

मी म्हणालो, 'त्यानं मानूस मारला.'

'त्याची बायको जळून राहिली होती.'

'ती होमानं जळली, बाबा. मी तिथंच उभा होतो.'

'मंग तवा काहून नाही सांगितलं?'

तेव्हा मला विचारलं होतं, आणि मी सांगितलं होतं. ते तुला माहीत नाही. तू पडलेला होतास, कानातून रक्त येत होतं.

तुला तुडवत असताना पाटलानं हात वर केला. त्याला भीती वाटायला लागली होती, तू मरशील याची. त्यानं सगळ्यांना थांबवून मला पुढं ओढलं. 'तू बी त्याच्याच संगं शिकला. खरं सांग. काचेनं आग लागते का नाही?'

शेषराव, त्या क्षणी सगळे थांबले होते. दादासुद्धा. मी 'नाही' म्हणायचं होतं. किंवा म्हणायचं होतं, लागते, पण भिंगाच्या हातभर खाली, आणि मंडप तिथून दोन फर्लांग दूर, आणि तुझी नळी सकाळपासून घरात. हे दहावीतलं पोरगं सांगू शकलं असतं. नाभ्यंतराचं सूत्र मी परीक्षेत लिहून आलो होतो.

मी म्हणालो, 'लागते.'

एवढंच. शास्त्राच्या दृष्टीनं त्यात काही खोटं नाही. हे वाक्य मी खूप वेळा मनात घोळवलं आहे, आणि ते जितकं खरं वाटतं तितकं मला माझ्या तोंडाचं ओंगळ वाटतं.

त्यानंतर तुझे वडील मागच्या दारातून बाहेर आले, हातात काठी घेऊन. गावकीचं काम त्यांनी छप्पन साली सोडलं तरी ती लोखंडी कडीची काठी ठेवली होती. गाव त्यांच्यावर तेव्हापासूनच खार खाऊन होतं. ते तुझ्यावर ओणवे झाले. दादानं त्यांच्या हातून काठी हिसकली आणि तिनंच त्यांच्या डोक्यात तीन वेळा मारलं. तिसऱ्या फटक्याला आवाज वेगळा आला.

मी वकिलाला अजून हो किंवा नाही म्हणालो नाही.

चंद्रभान


अकोला, सरकारी दवाखाना,
३ फेब्रुवारी १९६३

शेषराव,

अक्षर वाकडं येतं आहे, उजव्या हाताला प्लास्टर आहे म्हणून डाव्यानं लिहितो.

संक्रांतीनंतर मी सरकारी वकिलाकडं गेलो आणि पाहिलं ते सांगायला तयार आहे म्हणालो. ते गावात कळायला दोन दिवस लागले. आईला भेटावं म्हणून गेल्या रविवारी निघालो. पातूरला मोटार बदलायची होती. स्टँडवर चुलतभाऊ दोघं उभे होते. धाकटा म्हणाला, 'भाऊ, चाल, चहा घेऊ.' हॉटेलाच्या मागं नेलं. मी गेलो, का गेलो विचारू नकोस. हाक कशी मारतात हे मला ठाऊक असायला हवं होतं.

त्यांनी आधी चष्मा काढून घेतला आणि नीट घडी करून माझ्या खिशात ठेवला. मग हात दगडावर धरून टाचेनं मोडला. धाकटा म्हणत होता, 'याच हातानं शपथ घेशील ना?' दोन फासळ्याही गेल्या. तोंडात माती भरली. थोरला मधेच रडायला लागला, रडतारडता मारत होता. लहानपणी त्याला पोहायला मी शिकवलं.

सांगायचं कारण, दुखणं किती असतं ते मला आता थोडं कळतं. थोडंच. माझे दोन्ही डोळे जागेवर आहेत.

आई आली होती. ती पदरानं तोंड झाकून पायाशी बसली. म्हणाली, 'एक फासावर जाईन अन् एक असा मरन. मी कोनाच्या बाजूनं बसू?' दुर्गावहिनीचे हात बरे झाले आहेत पण बोटं मिटत नाहीत. तिनं निरोप पाठवला, फक्त आईला एकटीला सांगितलेला: ठिणगी होमातून उडाली हे तिनं स्वतः पाहिलं होतं, आणि नवऱ्याला त्याच दिवशी सांगितलंही होतं. भाजलेली असताना. वस्तीकडं निघायच्या आधी.

म्हणजे दादाला माहीत होतं. पाटलाला माहीत असणार. मला तर माहीत होतंच. काचेवर तिथं कोणाचाच विश्वास नव्हता. कोणाला तरी मारायचं होतं, आणि तू नांगर सोडून सूर्याकडं बघायला शिकला होतास.

कोर्टाची तारीख पंचवीस.

चंद्रभान


अकोला,
३१ मार्च १९६३

शेषराव,

निकाल तू ऐकलासच. दादाला सात वर्षं, उभारीवाल्याला दीड, तिसरा सुटला. पाटलाचं नाव कागदावर आलंच नाही.

साक्षीत मी हाक मारली ते सांगितलं, 'लागते' म्हणालो तेही सांगितलं. बचावाच्या वकिलानं विचारलं, 'म्हणजे तुम्हीही गुन्हेगारच?' मी म्हणालो, 'हो.' न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले. मला वाटलं होतं की मलाही धरतील. कोणी धरलं नाही. बाहेर बाप उभा होता. तो जवळ आला, माझ्या पायांवर थुंकला आणि मोटारीकडं चालू लागला.

त्यानंतर तू व्हरांड्यात माझ्यासमोर आलास. डोळ्यावर पांढरी पट्टी, आणि मान थोडी डावीकडं वळलेली, उजव्या डोळ्याला जास्त दिसावं म्हणून. पार्बताबाई मागं उभ्या होत्या. वर्षभरानंतर तू बोललास ती सगळी वाक्यं मला पाठ आहेत.

'तुझी पत्रं मी फोडत नाही. फोडणार नाही. एक विचारतो, त्याचं उत्तर दे. बा मरताना काही बोलला का?'

मी म्हणालो, 'नाही. वेळच मिळाला नाही त्यांना.'

तू मान हलवलीस. पार्बताबाईंनी तुझा दंड धरला आणि तुम्ही पायऱ्या उतरून गेलात. उन्हात गेल्यावर तू कपाळावर हात धरलास.

मी अजून तिथंच उभा आहे असं वाटतं.

चंद्रभान


अकोला,
२५ नोव्हेंबर १९६३

शेषराव,

पाकीट तू फोडत नाहीस म्हणून ही कार्डं. तीन आहेत, वर आकडे घातले आहेत. वाटेत ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. पोस्टमास्तर आमच्याच गावचा आहे.

सरांनी सांगितलं, तू एम. एस्सी. पहिल्या वर्गात झालास आणि कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत गणनेच्या कामावर निघालास. सूर्याचे रोज फोटो घेऊन डाग मोजायचे. चार दिवसांपूर्वी केरळातून आपलं पहिलं रॉकेट वर गेलं; वर्गात पेपर वाचून दाखवला. मुलांनी विचारलं, सर, असल्या जागी कोन काम करते? मी तुझं नाव सांगितलं नाही. ते घेण्याचा मला हक्क नाही.

तू जायच्या आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी कोर्टातही खोटं बोललो आणि व्हरांड्यातही.

दादानं काठी हिसकली नाही. तुझे वडील बाहेर आले, तुझ्यावर ओणवे झाले, आणि त्यांनी वर पाहिलं. सगळ्या गर्दीत त्यांना मी दिसलो. चेहरा एकदम मोकळा झाला, आपलं माणूस भेटल्यावर होतो तसा. काठी त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली. म्हणाले, 'भाऊ, तू आला, बरं झालं. हे धर अन् मधात उभा राय. मी याले उचलतो.' आणि माझ्याकडं पाठ करून तुझ्या काखेत हात घातले.

हे त्यांचे शेवटचे शब्द.

दादाच्या हातातली काठी तोवर मोडली होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं. काही मागितलं नाही, हातही पुढं केला नाही. मी आपणहून ती त्याला दिली.

चंद्रभान